जोडव्यांचा माळ

या, सावलीत बसा. गाडी इथेच राहू द्या, पुढे रस्ता नाही. वर जायच्या आधी सगळ्यांनी त्या दगडी डोणीत हात धुवायचे. मनगटापर्यंत, नखंसुद्धा. अंगठी असेल तर काढून. नाही, देवळाचं काही नाही. वर देऊळ नाहीच. वर पत्र्याची एक खोली आहे, तिचं छप्पर रुळावरून सरकतं, आणि आत दीड फूट रुंदीच्या आरशाची दुर्बीण आहे. ती आमच्या वेळुंडी गावात, हातांनी केलेली आहे. सरकारी नकाशात या टेकाडाला बोडका माळ म्हणतात. आम्ही जोडव्यांचा माळ म्हणतो. का म्हणतो ते सांगतो, मग वर जा.

मी निवृत्ती उगले. हे घडलं तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. माझी थोरली आत्या ठकूबाई या गोष्टीत होती, पण तिने स्वतः मला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. विचारलं की ती तोंड फिरवायची. मी जे सांगतो ते गावाने सांगितलेलं आहे.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी इथल्या हायस्कुलात अष्टपुत्रे नावाचे मास्तर बदलून आले. विज्ञान शिकवायचे. वाईकडचे, घरात सोवळंओवळं पाळणारे, पण मास्तर मनाने मऊ होते असं सांगतात. त्यांना आकाशाचं वेड होतं. तालुक्याच्या बाजारात कासम आतार म्हणून एक चष्मेवाला बसायचा. भिंगं स्वतः घासायचा. मास्तर चष्मा करायला त्याच्याकडे गेले आणि तिसऱ्या खेपेला दोघांचं ठरलं, की विकत मिळत नाही एवढी मोठी दुर्बीण आपण घरी करायची.

कासमभाईचा एक मावसभाऊ मुंबईला जुनी जहाजं तोडायच्या कामावर होता. त्याच्याकडून जहाजाच्या खिडकीच्या दोन जाड गोल काचा आल्या, एसटीच्या टपावर, गोधडीत गुंडाळून. शाळेमागच्या पडवीत दगड भरलेलं एक लोखंडी पिंप उभं केलं. एक काच पिंपावर घट्ट बसवली, तिच्यावर खरखरीत पूड आणि पाणी टाकलं, आणि दुसरी काच तिच्यावर ठेवून ढकलायची. पुढे, मागे, जरा फिरवायची, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा पुढे, मागे. असं हजारो वेळा केलं की वरची काच मधोमध खोलगट होत जाते. तोच दुर्बिणीचा आरसा.

शाळा झाडायचं काम आत्याकडे होतं. ती विसाव्या वर्षी विधवा झालेली. ती झाडायला यायची आणि या दोघांना पिंपाभोवती फिरताना बघायची. एक दिवस ती म्हणाली, म्हणे, की मास्तर, तुम्ही एका बाजूला जास्त दाबता. मास्तरांनी दिवा लावून, दाढीच्या पात्याच्या कडेने त्याचा उजेड अडवून काच तपासली. ती एका बाजूला खरंच जास्त झिजली होती. त्या दिवसापासून आत्या घासायला लागली. मास्तरांचे हात थकले की थरथरायचे, कासमभाई घाई करायचा. आत्याचा हात सकाळी जसा तसाच संध्याकाळी. पुढे पुढे ते दोघं बाजूला बसून तिलाच घासू द्यायचे.

या कामात एक गोष्ट फार कडक असते. पूड आधी जाडी, मग बारीक, मग त्याहून बारीक, अशी बदलत न्यायची असते. बारीक पुडीच्या वेळी जाड्या पुडीचा एक कण जरी आला, तरी काचेवर ओरखडा पडतो आणि दोन-दोन महिने मागे जावं लागतं. असं एकदा झालंच. कासमभाई दुकानातून थेट आला होता, त्याच्या बाहीला दुकानातली पूड चिकटलेली. पुढच्या जुम्म्याला तो पाथरवटाला घेऊन आला आणि ही डोण घडवून घेतली. आधी ती शाळेच्या पडवीशी होती, दुर्बीण माळावर न्यायचं ठरल्यावर ती इथे आणून बसवली. मग मास्तर असोत, आत्या असो, कोणी असो, हात धुतल्याशिवाय काचेजवळ जायचं नाही. हात धुवायचं मूळ एवढंच आहे.

चौदा महिने घासणं चाललं. मग राळेची चकती करून तांबड्या पुडीने काच उजळली. नळीसाठी डांबराची रिकामी पिंपं कापली, उभं करायला मोडक्या बैलगाडीचा आस आणि चाकं घेतली. राहिली चांदी. नुसत्या काचेत उजेड टिकत नाही, तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवावा लागतो. चांदी तेजाबात विरघळवायची, त्यात अमोनिया आणि साखरेचं पाणी घालायचं, आणि ते काचेवर ओतायचं. काच बघता बघता आरसा होते. मास्तरांनी शाळेच्या संस्थेकडे चांदी मागितली. संस्थेने नाही म्हणून कळवलं.

तेव्हा आत्याने आपली जोडवी आणून दिली. नवरा गेल्यावर पायातून काढलेली, बारा वर्षं ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवलेली. मास्तर नको म्हणत होते. तिने त्यांना सांगितलं, ते सगळ्या गावाला पाठ आहे:

"मास्तर, ही मला घालता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. काचेवर गेली तर निदान मी त्यांच्याकडे बघू शकेन."

हे गावात कळलं आणि आणखी सहा जणी आल्या. सगळ्या नवरा गेलेल्या. कोणाची जोडवी पत्र्याच्या डब्यात होती, कोणाची आढ्याला बांधलेली. सात जणींची मिळून लागत होती त्याहून जास्त चांदी झाली, पण मास्तरांनी कुणाचंच परत केलं नाही. सगळ्यांची थोडी थोडी घेतो म्हणाले. आरसा तयार झाला त्या दुपारी त्या साती जणी पडवीत येऊन बसल्या होत्या, आणि कितीतरी वेळ कोणी उठलं नाही, असं सांगतात.

इथपर्यंत सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगताना आजही तोंडाला कडवट चव येते. पण अर्धं सांगून तुम्हाला वर पाठवणं बरोबर नाही.

हा माळ तेव्हा संस्थेकडे होता, खेळाच्या मैदानासाठी दिलेला. वर खोली बांधायची तर संस्थेच्या अध्यक्षांची संमती हवी. त्यांचं नाव आमच्या गावात कोणी घेत नाही, मीही घेणार नाही. अध्यक्षांनी संमती दिली, एका अटीवर. उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हायला हवं. चांदी न देणाऱ्या माणसाला हे मागताना काही वाटलं नाही. आणि मास्तर हो म्हणाले. तिथेच खरं तर सगळं नासलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मास्तर कासमभाईला आणि आत्याला भेटले. म्हणाले, उद्या तुम्ही आणि त्या बायका खाली डोणीपाशीच थांबा, पाहुणे गेले की वर या. साहेब जुन्या विचारांचे आहेत, उगाच प्रश्न नकोत. कासमभाईने मान हलवली. त्याला अशा गोष्टींची सवय असावी. आत्याने विचारलं की आरसा कोणी केला असं साहेबांनी विचारलं तर काय सांगणार. मास्तर म्हणाले, शाळेने केला असं सांगेन.

दुसऱ्या दिवशी चार जीप आल्या. फेटे, हार, संगमरवरी पाटी, पाटीवर अध्यक्षांचं नाव आणि खाली 'यांच्या शुभहस्ते'. अध्यक्षांच्या तोंडात तंबाखूचा बार. डोणीपाशी आल्यावर कोणीतरी त्यांना हात धुवायला सांगितलं. त्यांनी विचारलं की आमचे हात काय घाण आहेत? त्यावर मास्तर हसले आणि म्हणाले, नाही साहेब, हे मजुरांसाठी आहे.

कासमभाई तिथेच उभा होता. आत्या उभी होती. बाकीच्या सहा जणी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

वर आरसा टेबलावर पांढऱ्या चादरीत ठेवलेला होता. नळीत बसवायच्या आधी पाहुण्यांनी बघावा म्हणून. अध्यक्ष त्याच्यावर वाकले. खोलगट आरशात जवळून तोंड मोठं दिसतं. त्यांना ते फार आवडलं. खिशातून फणी काढून त्यांनी त्या आरशात मिशा विंचरल्या. हसताना तोंडातला एक तांबूस थेंब आरशावर पडला, तो त्यांनी अंगठ्याने पुसला, आणि अंगठा जिथून फिरला तिथे एक तपकिरी पट्टा उमटला. चौदा महिने ज्या काचेवर सगळ्यांनी श्वाससुद्धा जपून सोडला होता, त्या काचेवर. मास्तर बघत उभे होते.

मग अध्यक्षांनी विचारलं की एवढी चांदी संस्थेने तर दिली नव्हती, आली कुठून? शाळेच्या कारकुनाने सांगून टाकलं, की विधवा बायकांनी जोडवी दिली, आणि घासायला आतार होता आणि शाळा झाडणारी ठकू होती.

पाल अंगावर पडावी तसे अध्यक्ष मागे सरले. ज्या अंगठ्याने आरसा पुसला होता तो त्यांनी धोतराला पुन्हा पुन्हा पुसला. पांढऱ्या पायांच्या बायकांच्या पायातली चांदी, आणि तिच्यात चंद्र-सूर्य बघायचे? देवांचं दर्शन घ्यायचं? तिच्यात आपण तोंड पाहिलं? असं बरंच बोलले. मी सगळं सांगत नाही. तोंडात तंबाखू ठेवून माणूस विटाळाबद्दल बोलत होता, एवढं सांगितलं की पुरे.

त्यांनी खालच्या गोठ्यातून गोमूत्र मागवलं. तांब्या भरून आला. आरसा शुद्ध केल्याशिवाय आपण हात लावणार नाही म्हणाले. मग तो तांब्या त्यांनी मास्तरांच्या हातात दिला.

"मास्तर, तुम्ही ब्राह्मण. तुमच्याच हातांनी होऊ द्या."

आणि मास्तरांनी ते ओतलं.

मला पुष्कळ लोक विचारतात की मास्तरांना काय होतंय ते ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. नवी चढवलेली चांदी साध्या फडक्यानेसुद्धा निघते, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. ओतून झाल्यावर अध्यक्षांच्या माणसाने जरीच्या शालीने आरसा खसखसून पुसला. चांदी काळपट होऊन शालीला लागली आणि जरीने काचेवर रेघा पडल्या. तसाच तो नळीत बसवला. दिवस मावळत होता, वर चतुर्थीची कोर होती. अध्यक्षांनी डोळा लावला, त्यांना काहीच दिसलं नाही. ढग आले वाटतं, असं म्हणून ते जेवायला गेले. आभाळात ढग नव्हता.

जीप गेल्यावर खालची माणसं वर आली. खोलीत वास भरला होता. कासमभाईने आरसा बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि फक्त एकदा बोटाने एक रेघ चाचपली. आत्या मास्तरांसमोर उभी राहिली.

"हे तुम्ही ओतलंत?"

"हो."

"ठाऊक असून?"

"हो."

ती अंगावर गेली नाही, ओरडली नाही. तिला ओकारी आली. दाराबाहेर जाऊन ती ओकली, मग माळ उतरून खाली आली आणि डोणीत हात धूत बसली. तिने त्या दिवशी कशाला हातही लावला नव्हता. अंधार पडेपर्यंत ती हात धुतच होती, असं सांगतात.

त्या दिवसापासून मास्तरांच्या हातून गावाने काही घेतलं नाही. पोरं शाळेत जात होती, मास्तर शिकवत होते, पण त्यांच्याकडे कोणी ताक मागायला गेलं नाही की सणाला पोळी पाठवली नाही. अध्यक्षांबद्दल लोकांना जितकी किळस होती तितकीच मास्तरांबद्दल होती. काही जण म्हणत, त्यांच्याबद्दल जास्त होती. अध्यक्ष तसेच होते. मास्तरांनी मात्र त्या साती जणींना पडवीत बसलेलं पाहिलं होतं.

मास्तर बदली मागून निघून जाऊ शकले असते. ते गेले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूचं आहे. त्यांनी आरसा पुन्हा पडवीत आणला आणि एकटे घासायला बसले. रेघा खोल होत्या, बारीक पुडीपासून सगळं पुन्हा करावं लागलं. हात थरथरायचे, काच एका बाजूला झिजायची, पुन्हा मागे जायचे. आत्या रोज शाळा झाडायला यायची. त्यांचं चुकतंय हे तिला आवाजावरून कळायचं. ती झाडून निघून जायची. चार महिन्यांनी कासमभाई आला. काचेने काय वाईट केलंय, एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. मास्तरांशी तो फक्त कामाचं बोलायचा.

काच तयार झाली. पुन्हा चांदीचा प्रश्न आला. या वेळी मास्तर वाईला गेले आणि वडिलांची पळी-पंचपात्र घेऊन आले. तीन पिढ्या संध्येला वापरलेली, चांदीची. वडील हयात होते. ती कशासाठी हवीत हे मास्तरांनी त्यांना खरं खरं सांगितलं. गोमूत्राच्या तांब्याचंही सांगितलं. वडिलांनी भांडी दिली आणि पुन्हा घरी येऊ नकोस म्हणाले. ते चांदीसाठी म्हणाले की तांब्यासाठी, हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही म्हणतात.

मास्तरांनी भांडी आणून आत्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. ती आत तांदूळ निवडत होती.

"देवाची दिसतात," ती म्हणाली. "आमच्या काचेला चालतील का बघा. विटाळ नाही ना त्यांना?"

तिने तांदूळ निवडून संपवले, मग म्हणाली, की उद्या दुपारी डोणीपाशी या, साती जणी येतील.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर मास्तरांनी डोणीत हात धुतले आणि आपल्या हातांनी ती भांडी तेजाबात सोडली. तपकिरी धूर निघाला, सगळे खोकत मागे झाले, मास्तर तिथेच थांबले. काचेवर चांदीचं पाणी ओतायचं काम मात्र आत्याने केलं. त्यांना ओतू दिलं नाही.

संध्याकाळी आरसा नळीत बसला. पश्चिमेला कोर होती. साती जणींनी एकेक करून पाहिलं. आत्या शिडीवर सगळ्यात जास्त वेळ थांबली. खाली आल्यावर बायकांनी विचारलं की काय दिसलं, तर म्हणाली, खड्डेच खड्डे आहेत, आपल्या माळासारखे, आणि इतके जवळ की पाय ठेवावा. कासमभाईने पाहिलं. मग सगळ्या गावाने पाहिलं. मास्तर बाजूला उभे होते. ठकूबाई बघा म्हणेल त्या दिवशी बघेन, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि कासमभाईला सांगितलंही होतं. कासमभाईने ते आत्याच्या कानावर घातलं. ती बघा म्हणाली नाही.

ती संगमरवरी पाटी गावाने त्याच आठवड्यात उखडली. ती डोणीपुढे पालथी टाकली आहे, चिखल होऊ नये म्हणून. संस्थेची दोन पत्रं आली, गावाने उत्तर दिलं नाही. पुढे माळ पंचायतीकडे आला आणि ते प्रकरण मिटलं.

काचेवरची चांदी कायम राहत नाही. पावसाळी हवेने ती काळवंडते, दर वर्षी धुऊन नवी चढवावी लागते. मास्तरांची बदली झाली तरी पुढची एकोणीस वर्षं दर आश्विनात ते आले. कधी तबक, कधी अत्तरदाणी, कधी नुसती वाटी घेऊन. हात धुवायचे, रांगेत उभे राहायचे, शिडीपाशी पाळी आली की बाजूला व्हायचे. आत्या तिथेच असायची. दोघं कधी बोलले नाहीत. आत्या गेल्यावर गावाने त्यांना सांगितलं, की मास्तर, आता पुरे झालं, बघा. त्यांनी शिडीला हात लावला, पण ते चढले नाहीत. ज्याने सांगायचं होतं ते माणूस गेलं, म्हणाले. त्यानंतर ते आले नाहीत.

तुम्ही विचाराल की आत्याने माफ करायला हवं होतं का? मला विचारू नका. मी फक्त एवढं म्हणेन, की त्या तांब्याचा वास मला या गोष्टीतून कधी काढता आला नाही.

आजही दर आश्विनात आरशाला नवी चांदी लागते. बाहेरून विकत आणता येते, पण गाव आणत नाही. ती गावातल्या पुरुषांनी द्यायची, पाळीपाळीने. हातातलं कडं, कंबरेचा करगोटा, देव्हाऱ्यातलं भांडं, जे असेल ते. बाईकडून गुंजभरही घेत नाहीत, तिने स्वतः आणलं तरी. चांदी चढली की पहिली शिडी चढते ती गावातली नवरा नसलेली एखादी बाई. आणि ज्याने त्या वर्षी चांदी दिली, त्याने पुढच्या आश्विनापर्यंत दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. कोणी हे लिहून ठेवलेलं नाही, पण अजून कोणी मोडलेलंही नाही.

ऊन उतरलं. आज शनी चांगला दिसेल, कड्यासकट. वर आमच्या गावच्या सखूबाई आहेत, त्या दाखवतील. तुम्ही हात धुऊन निघा. मी इथेच बसतो. यंदाची चांदी माझी आहे.